डॉक्युमेंटेशनमधले केबी, एमबी, जीबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅन्युअल, इन्स्टॉलेशन गाइड, एपीआयची माहिती, रिलीज नोट्स लिहिणाऱ्यांकडून डेटाच्या एककांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक आहे. मुरलेल्या लेखकांनी थेट सातव्या प्रश्नावर उडी मारली तरी चालेल. सगळ्या उत्तरांमागची कसोटी एकच आहे: तुमचं वाक्य वाचून वाचणाऱ्याला नेमके बाइट किती, हे काढता आलं पाहिजे.

१. बिट आणि बाइट यांत फरक काय? दोन्हींना 'बी'च लिहितात ना?

आठ बिट मिळून एक बाइट. इंग्रजी संक्षेपात बाइटला मोठा बी आणि बिटला छोटा बी लिहितात, म्हणजे एका अक्षराची चूक ही आठपट चूक ठरते. फाइल, डिस्क आणि मेमरीची मापं बाइटमध्ये, तर नेटवर्कचा वेग सेकंदाला किती बिट असा सांगायचा, ही रूढी जगभर आहे. ती मोडायच्या फंदात पडू नका.

बाइट कायमच आठ बिटांचा होता असं नाही. जुन्या काही यंत्रांत तो सहा बिटांचाही असे. १९६४ साली आयबीएमचं सिस्टम/३६० आलं आणि त्यानंतर आठची पद्धत पक्की होत गेली. इंटरनेटच्या प्रोटोकॉलविषयक दस्तऐवजांत 'बाइट'ऐवजी 'ऑक्टेट' भेटतो तो या जुन्या गोंधळामुळेच. तुम्ही प्रोटोकॉलवर लिहीत असाल तर तो शब्द तसाच राहू द्या. देवनागरीत मोठा बी आणि छोटा बी वेगळे दाखवायचे कसे, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

२. एक केबी म्हणजे १००० बाइट की १०२४?

दोन्ही, आणि दुखणं तेच आहे. मेट्रिक पद्धतीत किलो म्हणजे १०००, त्यात वाद नाही. पण मेमरीच्या चिपा दोनाच्या घातांत बनतात. दोनाचा दहावा घात १०२४, तो हजाराच्या इतका जवळ की इंजिनिअरांनी 'किलो' उसना घेतला. तेव्हा अख्ख्या यंत्राची मेमरीच काही किलोबाइट असायची, त्यामुळे कोणाचं फारसं बिघडलं नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आणि टेलिकॉमवाले मात्र १००० धरतात.

चिप उद्योगाची जेडेक ही मानक संस्था आपल्या शब्दावलीत मेमरीसाठी किलो, मेगा, गिगा १०२४ च्या हिशोबाने देते, पण रूढ वापर म्हणून. काही लेखक छोटा के लिहून १००० आणि मोठा के लिहून १०२४ सुचवतात. ही युक्ती मेगापाशी संपते, कारण मेगाचा एम आधीपासूनच मोठा आहे. शिवाय मोठा के हे मेट्रिक पद्धतीत केल्विन या तापमानाच्या एककाचं चिन्ह आहे.

३. मग किबी, मेबी, गिबी हे काय प्रकरण आहे? खरंच कोणी वापरतं का?

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये दोनाच्या घातांसाठी वेगळे उपसर्ग मंजूर केले. किबीबाइट म्हणजे १०२४ बाइट, मेबीबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट, गिबीबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. चिन्ह लिहिताना मधे एक छोटा आय येतो. हे उपसर्ग आता आयईसी ८००००-१३ या मानकात आहेत आणि अमेरिकेतल्या आयईईईनेही २००२ मध्ये त्यांच्यासाठी मानक काढलं.

वापरतात का? रोजच्या बोलण्यात नाही. दुकानात जाऊन कोणी 'आठ गिबीबाइट रॅम द्या' म्हणणार नाही, आणि मराठी कानाला हे शब्द जरा विनोदी वाटतात हेही खरं. पण कुबरनेटिस (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारी प्रणाली) याच्या कॉन्फिगमध्ये, लिनक्सच्या पुष्कळ साधनांत, ॲमेझॉनच्या क्लाउड डिस्कच्या मापात ते ठाण मांडून बसले आहेत. या क्षेत्रात लिहायचं तर त्यांना टाळता येत नाही.

४. हजारामागे २४ बाइटांचा फरक. त्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला?

कारण फरक प्रत्येक पायरीवर वाढत जातो. किलोला २.४ टक्के, मेगाला सुमारे ४.९, गिगाला ७.४, टेराला जवळपास १० आणि पेटाला १२.६ टक्के. वीस टेराबाइटचा बॅकअप मावेल की नाही हे ठरवताना दहा टक्के म्हणजे दोन टेराबाइट, एक आख्खी डिस्क.

५. ग्राहक विचारतात: १ टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो, बाकीची गेली कुठे? मॅन्युअलमध्ये काय लिहू?

कुठेही गेलेली नाही. बाजारात १ टीबी म्हणून मिळणाऱ्या डिस्कवर साधारणपणे १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट असतात, म्हणजे कबूल केल्यापेक्षा थोडे जास्तच. विंडोज या आकड्याला तीनदा १०२४ ने भागतं, उत्तर ९३१ येतं आणि त्यापुढे जीबी लिहितं. हिशोब गिबीबाइटचा आणि पाटी गिगाबाइटची. ॲपलने २००९ साली मॅकच्या स्नो लेपर्ड आवृत्तीपासून १००० चा हिशोब धरला, त्यामुळे तीच डिस्क मॅकवर १ टीबी दिसते.

हा वाद कोर्टातही गेला होता. अमेरिकेत ग्राहकांनी दावे लावल्यावर वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये तडजोड केली. त्यानंतर खोक्यांवर '१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट' अशा अर्थाची बारीक अक्षरांतली ओळ सर्रास दिसू लागली.

मॅन्युअलसाठी इतकं पुरे: 'या डिस्कची क्षमता १ टेराबाइट, म्हणजे १ लाख कोटी बाइट आहे. विंडोज १०२४ च्या पटीत मोजत असल्यामुळे हीच क्षमता तिथे सुमारे ९३१ जीबी दिसते. जागा कमी झालेली नाही.' फॉरमॅटिंगमुळे जागा जाते, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. फाइल सिस्टिम स्वतःसाठी थोडी जागा घेते हे खरं, पण १००० चे ९३१ होण्याचं कारण ते नव्हे. ते वाक्य कॉपी करू नका.

६. रॅमच्या बाबतीत मात्र अशी तक्रार कधी येत नाही. का?

रॅमच्या पत्त्याची प्रत्येक जादा तार पत्त्यांची संख्या दुप्पट करते, म्हणून रॅम १०२४ च्या हिशोबाने बनते आणि तशीच विकली जाते. ८ जीबी रॅम म्हणजे खरोखर ८ गिबीबाइट. विकणारा आणि मोजणारा दोघेही १०२४ धरतात, त्यामुळे भांडण होत नाही. कधी ८ च्या जागी ७.८ दिसतं, पण ते सहसा ग्राफिक्ससाठी किंवा हार्डवेअरसाठी राखून ठेवलेल्या मेमरीमुळे.

७. आमच्या टीमने कोणती पद्धत स्वीकारावी?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

माझं मत असं. डिस्क, फाइल, नेटवर्क आणि बिलिंग यांसाठी १००० चे केबी, एमबी, जीबी वापरा. मेमरीसाठी, आणि सॉफ्टवेअर जिथे १०२४ ने मोजतं अशा प्रत्येक ठिकाणी, किबी-मेबी-गिबी वापरा. आणि जिथे आकडा चुकला तर वाचणाऱ्याचं नुकसान होईल, म्हणजे कमाल मर्यादा, किमान गरज, किंमत, तिथे शेजारी बाइटमध्येही आकडा द्या.

हे सगळ्यांना झेपतं असं नाही. तुमच्या प्रॉडक्टच्या प्रत्येक स्क्रीनवर जीबी लिहिलेलं असेल आणि हिशोब सगळीकडे १०२४ चाच असेल, तर डॉक्युमेंटेशनमध्येही तीच पद्धत ठेवून 'या गाइडमध्ये १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट' असं सांगून टाकणं हा दुसरा प्रामाणिक मार्ग आहे. मला तो कमी आवडतो, कारण ग्राहक तुमचं गाइड आणि डिस्कचं खोकं शेजारी ठेवून वाचतो. पण तो चूक नाही. चूक एकच आहे: एका पानावर हे, दुसऱ्यावर ते, आणि कुठेच काही सांगितलेलं नाही.

ही व्याख्या कुठे लिहायची, हेही लोक विचारतात. संकेतांच्या पानावर लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. वाचणारा सर्चमधून येऊन थेट मधल्याच पानावर उतरतो, प्रस्तावना वाचत नाही. आकडे महत्त्वाचे असलेल्या प्रत्येक पानावर एक ओळ पुन्हा द्यावी लागते.

आणि अंदाजाने लिहू नका. डेव्हलपरला 'हे १००० आहे की १०२४' विचारलं की पुष्कळदा 'बहुतेक १०२४' असं उत्तर मिळतं. ते 'बहुतेक' काढून टाकायचं असेल तर कोड उघडायला सांगा. १०२४ किंवा १०,४८,५७६ शोधा; सापडलं नाही तर दहा, वीस किंवा तीस बिटांनी डावीकडे सरकवणारी ओळ शोधा. तीही नसेल तर नेमक्या १०,००,००० बाइटांची फाइल चढवून स्क्रीन काय दाखवते ते बघा. १ एमबी दिसलं तर १००० आणि ९७७ केबी किंवा ०.९५ एमबी दिसलं तर १०२४.

८. स्क्रीनवर 'एमबी' आहे पण हिशोब १०२४ चा. मी लिहिताना मेबीबाइट करून टाकू का?

स्क्रीनवरची पाटी, बटण, एरर मेसेज, आउटपुट उद्धृत करत असाल तर अक्षरसुद्धा बदलू नका. वाचणारा तुमचं पान आणि त्याची स्क्रीन जुळवून बघतो. तिथे एमबी आणि इथे मेबीबाइट दिसलं की आपण भलत्याच ठिकाणी आलो असं त्याला वाटतं. पाटी आहे तशी लिहा आणि तुमच्या स्वतःच्या वाक्यात खुलासा करा: 'ही स्क्रीन १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरते.'

भलेभले प्रकल्प हेच करतात. लिनक्समध्ये मेमरीची माहिती देणारी मेमइन्फो फाइल छोटा के लिहून १०२४ च्या हिशोबाने आकडे देते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सेटिंगमध्येही छोट्या केचा केबी, एमबी, जीबी आहेत, आणि गुणक १००० नसून १०२४ आहे असं त्यांचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. पाटी बदलली तर जुन्या स्क्रिप्ट मोडतील, म्हणून ती तशीच आहे. खरी दुरुस्ती हवी असेल तर प्रॉडक्टच्या टीमकडे बग नोंदवा.

९. कॉन्फिग फाइलमध्ये नुसतं एक अक्षर असतं, एम किंवा जी. त्याचा अर्थ कसा लिहायचा?

इथे सर्वांत जास्त लोक ठेचकाळतात, कारण प्रत्येक साधनाचा कायदा वेगळा. पीएचपीमध्ये फाइल अपलोडच्या मर्यादेत २एम म्हणजे २ मेबीबाइट. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये रिक्वेस्टच्या मर्यादेतला १एम म्हणजे १ मेबीबाइट. जावाला हीपसाठी (प्रोग्रामचा डेटा ठेवायच्या मेमरीसाठी) दिलेला ५१२एम म्हणजे ५१२ मेबीबाइट. आणि लिनक्सच्या, डेटा कॉपी करणाऱ्या डीडी कमांडला ब्लॉक साइज १एम दिला तर १०,४८,५७६ बाइट, पण १एमबी दिला तर १०,००,०००. एक बी वाढवला की आकडा घटतो, हे कोणाला सांगूनही पटत नाही.

कुबरनेटिसमध्ये मोठा एम म्हणजे दशलक्ष, एमआय म्हणजे मेबी, आणि छोटा एम म्हणजे मिली, हजारावा भाग! मेमरीच्या जागी छोटा एम लावून ४०० लिहिलं तर मागणी होते ०.४ बाइटची. त्यांच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच याबद्दल सावध केलं आहे.

आता जावा आणि कुबरनेटिस एकत्र आणा. कंटेनरची मर्यादा मोठ्या एमने ५१२ दिली, म्हणजे ५१,२०,००,००० बाइट. आत जावाच्या हीपला ५१२एम दिले, म्हणजे ५३,६८,७०,९१२ बाइट. हीपच कंटेनरपेक्षा सुमारे अडीच कोटी बाइटांनी मोठं, आणि जावाला हीपशिवायही मेमरी लागतेच. हीप भरत आलं की कंटेनर मारला जातो, आणि सपोर्टला फोन येतो की 'दोन्हीकडे ५१२च तर लिहिलंय'. म्हणून सेटिंगच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे चालणारी अक्षरं, मोठी की छोटी, आणि गुणक १००० की १०२४, हे तिन्ही लिहा. मूळ (डीफॉल्ट) किंमत बाइटमध्ये द्या.

१०. एकाच डिस्कसाठी दोन कमांड दोन आकडे दाखवतात. डॉक्युमेंटमध्ये कोणता घ्यावा?

बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. लिनक्समध्ये डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला छोटा एच दिला तर हिशोब १०२४ चा, मोठा एच दिला तर १००० चा. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात इमेजची (कंटेनरच्या साच्यांची) यादी १००० च्या एमबीत येते आणि चालू कंटेनरची मेमरी मेबीबाइटमध्ये. तुम्ही जी कमांड वाचणाऱ्याला चालवायला सांगता, तिचंच आउटपुट दाखवा, पर्यायासकट. स्क्रीनशॉट एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवरून घ्या. अर्धे विंडोजचे आणि अर्धे मॅकचे असले की तीच फाइल दोन आकारांत दिसते. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

११. डाउनलोडला किती वेळ लागेल, हे लिहिताना काय सांभाळायचं?

नेटवर्कमध्ये हिशोब नेहमी १००० चा आणि बिटांचा. सेकंदाला १०० मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. ५ जीबीची फाइल यावर उत्तमातल्या उत्तम परिस्थितीत ४०० सेकंदांत उतरेल. ५ गिबीबाइटची असेल तर सुमारे ४२९. प्रत्यक्षात प्रोटोकॉलचा बोजा आणि वायफाय यांमुळे जास्तच लागतं, म्हणून 'किमान' असा शब्द घाला.

मोबाइलच्या प्लॅनमध्ये 'रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस' अशी ओळ आपल्याकडे सर्वांनी वाचली आहे. ते किलोबिट आहेत. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, तासभर सलग मिळाले तरी २८.८ एमबी. त्याच पानावर 'रोज १.५ जीबी' असतं ते बाइटमध्ये. एका ओळीत बिट, दुसरीत बाइट, आणि दोन्हींना नुसता बी.

१२. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नसतं. मग एमबी म्हणजे मेगाबिट की मेगाबाइट, हे कसं कळणार?

नाही कळणार. म्हणून मराठी मजकुरात बिटचा संक्षेप करूच नये. केबी, एमबी, जीबी, टीबी हे फक्त बाइटसाठी राखून ठेवा. वाचणारेही तसंच वाचतात. बिट असतील तिथे 'मेगाबिट', 'गिगाबिट' पूर्ण लिहा आणि वेग असेल तर 'सेकंदाला १०० मेगाबिट'. 'एमबीपीएस' लोकांच्या तोंडी इतकं बसलं आहे की ते टाळणं अवघड, पण पानावर पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी पूर्ण शब्द हवाच. किबी-मेबीचेही संक्षेप देवनागरीत ओळखू येत नाहीत, त्यामुळे मेबीबाइट, गिबीबाइट असंच लिहावं. टाइप करायच्या कमांड आणि किमती मात्र मूळ लिपीतच ठेवा.

१३. मोठे आकडे लाख-कोटीत लिहावेत की मिलियन-बिलियनमध्ये? स्वल्पविराम कुठे?

मराठी वाचकासाठी लाख-कोटी. १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट आणि १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट. वाचताक्षणी अंदाज येतो. स्वल्पविरामही त्याच पद्धतीने द्या. एकाच पानावर दोन्ही पद्धतींचे स्वल्पविराम आले की वाचणारा शून्यं मोजत बसतो. जी किंमत टाइप करायची आहे तिच्यात मात्र स्वल्पविराम अजिबात नको. लोक ती जशीच्या तशी चिकटवतात आणि प्रोग्राम चुकीचा आकडा म्हणून परत पाठवतो.

दशांशस्थळं एक किंवा दोन पुरेत. पूर्णांक करताना दिशा बघा: लागणारी जागा वरच्या बाजूला न्या, मिळणारी जागा खालच्या बाजूला. इन्स्टॉलेशनला ३.६ जीबी लागत असतील तर 'किमान ४ जीबी' लिहा. ४.४ लागत असतील तर तेव्हाही '४' लिहिणारे भेटतात.

१४. आकडा आणि एकक यांच्यात जागा सोडायची का? 'जीबीज' चालेल?

जागा सोडा, आणि ती न तुटणारी स्पेस असू द्या, म्हणजे '५१२' एका ओळीच्या शेवटी आणि 'एमबी' पुढच्या ओळीवर असं होणार नाही. कॉन्फिगमधल्या किमतींना हा नियम लागू नाही. 'जीबीज' चालणार नाही. विभक्तीचे प्रत्यय सरळ जोडा: '२ जीबीची फाइल', '५०० एमबीपर्यंत'.

१५. फाइलची कमाल मर्यादा सांगताना नेमकं कसं लिहू?

भरतीच्या ऑनलाइन अर्जांतलं उदाहरण घ्या: 'फोटो २० ते ५० केबी'. उमेदवाराचा फोटो ५०,५०० बाइटांचा आहे. विंडोजच्या यादीत तो ५० केबी दिसतो, कारण १०२४ ने भागून आलेला ४९.३ हा आकडा ती वर नेते. सर्व्हर ५०,००० ची मर्यादा तपासत असेल तर फोटो नाकारला जातो. ५१,२०० ची तपासत असेल तर घेतला जातो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसलेल्या मुलाला यातलं काही माहीत असण्याची अपेक्षा करू नये. सूचनेत 'जास्तीत जास्त ५०,००० बाइट' लिहा. प्रॉडक्ट तुमच्या हातात असेल तर मर्यादा ५१,२०० ची तपासा आणि सूचनेत ५० केबी लिहा, म्हणजे कुठल्याही हिशोबाने वाचणारा आत बसतो.

'पर्यंत' आणि 'पेक्षा कमी' यांतही एका बाइटचा फरक आहे. फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर '४ जीबीपर्यंतची फाइल चालते' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरी मर्यादा ४ गिबीबाइटला एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइट.

ईमेलच्या जोडपत्राची मर्यादा लिहिताना आणखी एक गाठ आहे. जोडपत्र पाठवताना सहसा बेस६४ पद्धतीने साध्या मजकुराच्या रूपात बदललं जातं, त्यात दर तीन बाइटांचे चार होतात. सर्व्हरची मर्यादा पूर्ण संदेशासाठी २५ एमबी असेल तर मूळ फाइल सुमारे १८ एमबीचीच बसते. वाचणाऱ्याला हवा असतो तो हा दुसरा आकडा.

१६. मजकुराची मर्यादा '५० अक्षरं' लिहिली आहे, पण मराठी मजकूर आधीच तुटतो. डॉक्युमेंट चुकलं का?

बहुधा हो. मर्यादा बाइटमध्ये आहे आणि लिहिली आहे अक्षरांत. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. 'क्ष' आपण एक अक्षर मानतो, पण आत क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं आहेत, म्हणजे ९ बाइट. पोस्टग्रेसमध्ये कॉलमच्या नावाला ६३ बाइट मिळतात. देवनागरीत ती २१ चिन्हं. ओरॅकल डेटाबेसमध्ये ५० लांबीचा व्हारचार (मजकुराचा) कॉलम मुळात ५० बाइटांचा असतो, मायएसक्यूएलमध्ये ५० अक्षरांचा. एसएमएसला १४० बाइट: इंग्रजीत १६०, मराठीत ७०.

म्हणून 'अक्षरं' हा शब्द मर्यादेसाठी वापरताना टेस्टरला जोडाक्षरांनी भरलेला मजकूर घालून बघायला सांगा. इंग्रजीत घेतलेल्या चाचणीत ही चूक कधीच दिसत नाही.

१७. फाइलच्या माहितीत 'आकार' आणि 'डिस्कवरचा आकार' असे दोन आकडे असतात. कोणता द्यावा?

डाउनलोड किंवा अपलोडसाठी पहिला, लागणाऱ्या जागेसाठी दुसरा. डिस्क ठरावीक तुकड्यांत जागा देते, बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइटांच्या. शंभर बाइटांची फाइलही साधारणपणे एक तुकडा अडवते. लाखभर बारीक फाइली असलेलं सॉफ्टवेअर असेल तर हा फरक कित्येक एमबीचा होतो.

१८. १.४४ एमबीची फ्लॉपी कोणत्या हिशोबात बसते?

कोणत्याच नाही. तिच्यावर १४,७४,५६० बाइट मावतात, म्हणजे १४४० गुणिले १०२४. १०२४ ने एकदा आणि १००० ने एकदा भागलं की १.४४ येतं. धड एमबी नाही, धड मेबीबाइट नाही. सीडीचे ७०० एमबी हे खरं तर मेबीबाइट, आणि तिच्याच मापाच्या डीव्हीडीचे ४.७ जीबी मात्र १००० च्या हिशोबाचे. जुन्या माध्यमांबद्दल लिहिताना रूढ नाव तसंच ठेवा आणि शेजारी बाइट द्या.

१९. पेटाबाइटच्या पुढची एककं वापरावीत का?

एक्साबाइटपर्यंत ठीक. झेटा आणि योटाच्या पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये रोना आणि क्वेटा हे उपसर्गही मेट्रिक पद्धतीत आले, पण प्रॉडक्टच्या गाइडमध्ये त्यांची गरज पडत असेल तर आधी आकडा तपासा.

२०. आमच्याकडे काही शे पानांचं जुनं डॉक्युमेंटेशन आहे. सगळं एकदम बदलावं का?

शोधा-आणि-बदलाने सगळे जीबी गिबीबाइट करून टाकणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग. त्यात डिस्कच्या क्षमता बिघडतात, स्क्रीनवरच्या पाट्या बिघडतात आणि कोडचे नमुनेही. आधी यादी करा: कोणतं पान, कोणता आकडा, कशाचं माप, आणि कोडमध्ये गुणक काय. ही यादी करतानाच निम्म्या जागी 'इथे अंदाजे आकडा आहे, कुठलाही हिशोब चालेल' असं आढळेल. ती पानं सोडून द्या. 'सुमारे २ जीबीची लॉग फाइल' यात ७ टक्क्यांनी कोणाचं काही अडत नाही.

मग मर्यादा, किमती आणि सेटिंगची पानं घ्या, याच क्रमाने. नव्या पानांसाठी व्हेल किंवा तत्सम भाषातपासणीचं साधन बिल्डमध्ये बसवा. 'आकड्याला चिकटलेलं एकक', 'नुसता के' आणि 'जीबीज' हे नियम त्याला अर्ध्या तासात शिकवता येतात. १००० की १०२४ हे मात्र कुठलंही साधन मजकुरावरून ओळखू शकत नाही. त्यासाठी रिव्ह्यूच्या वेळी डेव्हलपरने प्रत्येक आकड्यापुढे गुणक लिहून द्यायचा, अशी अट घाला. पहिले काही आठवडे कुरकुर होईल, कारण पुष्कळांना आपल्याच कोडमध्ये तो बघायला जावं लागतं.